चुना, सोडा आणि खार : कार्बोनेट संयुगांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील शेतकरी, गृहिणी आणि विज्ञानाचे विद्यार्थी यांच्याकडून माती-पाण्याच्या तपासणीच्या निमित्ताने जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सूत्रे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली असून मूलद्रव्यांच्या चिन्हांमध्ये आडवी रेघ दिली आहे. चिन्हाला लागून असलेला आकडा त्या मूलद्रव्याच्या अणूंची संख्या दाखवतो. उदाहरणार्थ, सीए-सी-ओ३ म्हणजे कॅल्शियमचा एक, कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू.

प्रश्न : कार्बोनेट म्हणजे नेमके काय?

कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू मिळून दोन ऋण प्रभार असलेला जो गट तयार होतो, त्याला कार्बोनेट आयन म्हणतात. त्याला धन प्रभाराचा जोडीदार लागतो आणि तो जोडीदार बहुधा एखादा धातू असतो. कॅल्शियमवर दोन धन प्रभार असल्यामुळे एका कार्बोनेटला एक कॅल्शियम पुरतो आणि सूत्र सीए-सी-ओ३ असे होते. सोडियमवर एकच धन प्रभार असल्यामुळे दोन सोडियम लागतात, म्हणून सोडियम कार्बोनेटचे सूत्र एनए२-सी-ओ३ असे आहे. कार्बोनेटला एक हायड्रोजन जोडला गेला की एकच ऋण प्रभार असलेला बायकार्बोनेट आयन, म्हणजे एच-सी-ओ३, तयार होतो.

कोणतेही कार्बोनेट आम्लात टाकले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि द्रावण फसफसते. हा गुण सर्वांत सारखा आहे. पाण्यात विरघळण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २० अंश तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात सोडियम कार्बोनेट सुमारे २१ ग्रॅम आणि पोटॅशियम कार्बोनेट सुमारे ११० ग्रॅम विरघळते, तर कॅल्शियम कार्बोनेट लिटरभर शुद्ध पाण्यातही १५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक विरघळत नाही. या पानावरची निम्मी उत्तरे या एका फरकातूनच निघतात.

प्रश्न : खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि पापडखार हे एकच आहेत का?

नाहीत, पण तिघेही एकाच कुटुंबातले आहेत. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, सूत्र एनए-एच-सी-ओ३, रेणुभार ८४. त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्लधर्मी, ७ च्या वर अल्कधर्मी) ८.३ च्या आसपास असतो, म्हणजे तो सौम्य अल्कधर्मी आहे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याचे द्रावण सामू ११ च्या पुढे जाते, हाताला बुळबुळीत लागते आणि जास्त वेळ हात बुडवून ठेवल्यास कातडी सोलते. पापडखारात हे दोन्ही क्षार मिसळलेले असतात आणि त्यांचे प्रमाण उत्पादकागणिक बदलते. म्हणूनच एका पुडीने फुललेले उडदाचे पापड दुसऱ्या पुडीने लालसर आणि कडवट होतात, त्यात लाटणाऱ्या बाईचा काही दोष नसतो.

धुण्याच्या सोड्याविषयी एक बाब पाठ्यपुस्तकात असते, पण आपल्याकडच्या हवामानाशी ती कोणी जोडून दाखवत नाही. पुस्तकात त्याचे सूत्र एनए२-सी-ओ३ आणि सोबत पाण्याचे दहा रेणू असे दिलेले असते. हे काचेसारखे पारदर्शक स्फटिक ३२ ते ३५ अंशांच्या पुढे आपल्यातल्याच पाण्यात विरघळू लागतात आणि कोरड्या हवेत पाणी गमावून त्यांची पांढरी भुकटी होते. अकोला-चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा असे स्फटिक उघड्या बरणीत टिकण्याची आशाच नको. बाजारात मिळणारी भुकटी बहुतेक वेळा निर्जल असते. स्फटिकांचा रेणुभार २८६ आणि निर्जल सोड्याचा १०६ आहे, म्हणजे एक किलो स्फटिकांत खरा सोडा सुमारे ३७० ग्रॅमच असतो. प्रयोगशाळेत एकाऐवजी दुसरा वापरताना हा हिशेब केला नाही तर द्रावणाची तीव्रता चुकते.

प्रश्न : डब्यावरची चिठ्ठी गेली आहे. आत कोणता सोडा आहे ते घरी कसे ओळखावे?

चमचाभर हळद पाण्यात कालवून तिचे दोन थेंब पांढऱ्या बशीत घ्यावेत आणि त्यांवर संशयित सोड्याचे द्रावण टाकावे. धुण्याचा सोडा असेल तर हळद लगेच विटकरी लाल होते. खाण्याचा सोडा असेल तर रंग फारसा बदलत नाही, फार तर किंचित गडद होतो. आता खाण्याच्या सोड्याचे तेच द्रावण दहा मिनिटे उकळून पुन्हा हळदीवर टाकून पाहावे. या वेळी लाल रंग स्पष्ट येतो, कारण उष्णतेने बायकार्बोनेटमधून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन मागे कार्बोनेट उरते. १६८ ग्रॅम खाण्याच्या सोड्यापासून १०६ ग्रॅम सोडियम कार्बोनेट मिळते. कढईत जास्त पडलेला सोडा भज्यांना साबणासारखी चव आणतो, त्यामागचे कारण हेच.

चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न कृपया करू नये. धुण्याचा सोडा कपड्यांसाठी तयार झालेला असतो आणि तोंडातली त्वचा नाजूक असते.

प्रश्न : आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सोडा टाकावा का?

चिमूटभर चालेल, सवय लावू नये. कठीण पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनशी जोडले जाते आणि दाणा टणक राहतो. सोड्यामुळे पेक्टिन सैल पडते, पण अल्कधर्मी पाण्यात थायमिन हे ब जीवनसत्त्व नष्ट होते. डाळ रात्री भिजवून ठेवणे किंवा शिजवण्यापुरते पावसाचे साठवलेले पाणी वापरणे अधिक चांगले. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर सोड्यापासून दूरच राहावे, कारण त्याच्या वजनाच्या सुमारे २७ टक्के सोडियम असते.

प्रश्न : बंबात आणि ठिबकच्या नळ्यांत पांढरा थर कशाचा बसतो?

कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि थोडा मॅग्नेशियमच्या क्षारांचा. पावसाचे पाणी जमिनीतून झिरपताना मुळांच्या श्वसनातून आलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि हे सौम्य आम्लधर्मी पाणी चुनखडीला कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात, सूत्र सीए-(एच-सी-ओ३)२, विरघळवून विहिरीत आणते. हे संयुग केवळ द्रावणातच असते, त्याची पूड करून बाटलीत भरता येत नाही. पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, न विरघळणारे कार्बोनेट खाली बसते आणि बंबाच्या आतल्या भिंतीवर खपली धरते. या थरातून उष्णता नीट जात नाही, त्यामुळे तेवढ्याच पाण्याला जास्त लाकूड लागते.

ठिबकच्या नळीत तेच सावकाश घडते. दुपारच्या उन्हात काळी नळी चांगलीच तापते, ड्रीपरच्या तोंडाशी थेंबभर पाणी वाळते आणि तेथे पांढरा कण उरतो. त्यासाठी आम्लप्रक्रिया करतात. किती आम्ल लागेल हे पाण्यावर अवलंबून असल्यामुळे आधी बादलीभर पाण्यात मोजून पाहावे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. शेवाळासाठी ब्लिचिंग पावडर वापरली असेल तर त्याच वेळी आम्ल मुळीच सोडू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

उकळल्याने पाण्याचा हा तात्पुरता कठीणपणा जातो, खारटपणा मात्र जात नाही. खारटपणा मुख्यतः सोडियम क्लोराइडचा असतो आणि ते उकळून कुठेही जात नाही.

प्रश्न : आमच्या काळ्या जमिनीत पांढरे खडे निघतात. ते काढावेत का, आणि संत्रा लावता येईल का?

ते खडे म्हणजे चुनखडी, अर्थात बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेट. बेसाल्ट खडक झिजताना सुटलेले कॅल्शियम कमी पावसाच्या प्रदेशात पूर्ण धुपून जात नाही, काही खोलीवर कार्बोनेट होऊन साचते आणि हळूहळू त्याच्या गाठी बनतात. वेचून ते संपत नाहीत. मोठ्या खड्यांपेक्षा मातीत पिठासारखा मिसळलेला मुक्त चुना पिकाला जास्त जाचतो, कारण बारीक कणांचे पृष्ठफळ कितीतरी अधिक असते.

शेतात एक साधी तपासणी करता येते. एक फूट, दोन फूट आणि तीन फूट खोलीवरची मूठभर माती वेगवेगळ्या कागदांवर घेऊन प्रत्येकीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-पाच थेंब टाकावेत. नुसती कानाला ऐकू येणारी बारीक सुरसुर झाली तर चुना थोडा आहे. बुडबुडे डोळ्यांना दिसले तर मध्यम आहे, आणि फेस उसळून बाजूला सांडला तर भरपूर आहे. पुष्कळदा वरचा थर गप्प राहतो आणि तिसऱ्या फुटाची माती उसळते. सोयाबीनला त्याचा फारसा त्रास होणार नाही, पण संत्र्याची मुळे पाच-सहा वर्षांत तेथे पोचतात आणि तोवर बऱ्यापैकी असलेली बाग एकाएकी पिवळी पडू लागते. वरूड, मोर्शी, काटोल या पट्ट्यात नवीन लागवडीपूर्वी खड्ड्याच्या तळाची माती तपासणे म्हणूनच मला रोप निवडण्याइतके महत्त्वाचे वाटते. मुक्त चुना १० टक्क्यांहून अधिक असल्यास तेथे संत्रा लावू नये, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो.

पिवळेपणाचे कारण लोहाची अपुरी उपलब्धता हे आहे. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे सामू ८ च्या पुढे राहतो आणि त्या स्थितीत ते मुळांना घेता येत नाही. आधी शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता तपासावी. जुलैच्या झडीनंतर सोयाबीन अचानक पिवळे दिसते, त्याचेही स्पष्टीकरण येथेच आहे : चिबडलेल्या मातीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही, बायकार्बोनेट वाढते आणि लोह आणखी अडते. पाणी काढून दिल्यावर, वाफसा आल्यावर पुष्कळ शेतांत पीक आपोआप हिरवे होते. फवारणी करायचीच असेल तर ०.५ टक्के हिराकस (फेरस सल्फेट), म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, थोड्या चुन्याच्या निवळीसह फवारतात. हिराकस अशा जमिनीत नुसता टाकला तर थोड्याच दिवसांत निरुपयोगी होतो. जमिनीतून द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह, निवडावे. ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

प्रश्न : मग आमच्या शेतात शेतीचा चुना टाकावा का?

वरील प्रकारच्या जमिनीत मुळीच नाही. चुना आम्लधर्मी जमिनीसाठी असतो. गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागातील काही हलक्या धानाच्या जमिनी किंचित आम्लधर्मी असतात, तेथेही माती तपासूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न : चुनखडी, कळीचा चुना आणि विरलेला चुना यांत काय फरक आहे?

चुनखडी हे कॅल्शियम कार्बोनेट आहे, रेणुभार १००. ती भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड, सूत्र सीए-ओ, मागे राहते; तोच कळीचा चुना. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो वायू धुराड्यातून जातो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो फुगतो, तडकतो, वाफा सोडतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सूत्र सीए-(ओ-एच)२, तयार होते. हा विरलेला चुना भिंतीला लावला की हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कार्बोनेट होतो, म्हणजे भिंतीवर पुन्हा दगडच बसतो. सफेदी पहिल्या दिवशी बोटाला लागते आणि काही आठवड्यांनी लागत नाही, ती यामुळेच.

स्कॉटलंडचे जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मॅग्नेशियम कार्बोनेट तापवून वजनातली घट काटेकोर मोजली आणि घन पदार्थात वायू बांधलेला असतो हे दाखवून दिले. आपल्याकडे वणी-राजूर भागात चुनाभट्ट्या आहेत, तर कोरपना, गडचांदूर, आवारपूर, मुकुटबन या परिसरातील चुनखडकावर सिमेंटचे कारखाने चालतात. तेथे चुनखडीबरोबर मातीचे घटक मिसळून मिश्रण सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवतात. कार्बन डायऑक्साइड सुटण्याची क्रिया मात्र भट्टीतल्यासारखीच होते, त्यामुळे कोळसा न जाळतासुद्धा सिमेंटमधून हा वायू निघणारच.

पान आणि खर्ऱ्यात जातो तो विरलेला चुना, कार्बोनेट नव्हे. त्याची प्लास्टिकची नळी किंवा पुडी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण दाबताच चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजते. तसे घडल्यास डोळा चोळू न देता ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

प्रश्न : मागच्या वर्षीचा उरलेला चुना बोर्डो मिश्रणाला (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाला) चालतो का?

बहुधा नाही. पोत्याचे तोंड उघडे राहिले असेल तर त्यातला बराचसा चुना हवेने कार्बोनेट झालेला असतो. दिसायला तो तसाच पांढरा असल्यामुळे फसगत होते. थोडा चुना वाटीत घेऊन त्यावर आम्लाचे थेंब टाकावेत. जोरात फसफसला तर तो कार्बोनेट आहे आणि बोर्डोच्या कामाचा नाही. ताजा कळीचा चुना पाणी टाकल्यावर चांगलाच तापतो, हीदेखील खूण आहे.

एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी या प्रमाणात मिश्रण करताना चुना निकामी असेल तर मोकळे तांबे द्रावणात शिल्लक राहते आणि कोवळी पालवी करपते. त्यासाठी लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते मिश्रणात मिनिटभर बुडवून काढावे. पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुन्याची निवळी घालावी, आणि पाते जसेच्या तसे निघेपर्यंत फवारू नये. डिंक्या रोगासाठी संत्र्याच्या बुंध्याला लावायच्या बोर्डो मलमातही, ज्यात पाणी दहा लिटरच असते, हीच काळजी घ्यावी लागते.

प्रश्न : खारपाणपट्ट्यातील पाण्याच्या अहवालात ‘आरएससी’ म्हणून आकडा असतो. तो काय सांगतो?

तो ‘शिल्लक सोडियम कार्बोनेट’ दर्शवतो आणि माझ्या मते संपूर्ण अहवालातील सर्वांत उपयोगी आकडा तोच आहे. पाण्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा केली की तो मिळतो, मात्र सर्व आकडे लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे आयनांच्या प्रभाराच्या हिशेबाने मोजणाऱ्या एककात, असले पाहिजेत. समजा कार्बोनेट ०.६, बायकार्बोनेट ७.४, कॅल्शियम २.१ आणि मॅग्नेशियम २.४ आहे, तर ८.० मधून ४.५ गेले आणि ३.५ उरले. १.२५ पेक्षा कमी असलेले पाणी ओलितासाठी चांगले, १.२५ ते २.५ जपून वापरण्याचे आणि २.५ च्या पुढचे अयोग्य मानतात, म्हणजे हे पाणी अयोग्य ठरते.

यामागचा तर्क असा आहे. पाणी जमिनीत वाळू लागले की सर्वांत कमी विरघळणारी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेटे आधी खाली बसतात. ती बसून झाल्यावरही कार्बोनेट शिल्लक असेल तर त्याला जोडीदार म्हणून सोडियमच उरतो. हे सोडियम कार्बोनेट विरघळलेलेच राहते, सामू वर नेते आणि मातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा सोडियम घेतो. मग कण एकमेकांपासून सुटतात, भिजल्यावर लोणी आणि वाळल्यावर दगड अशी जमिनीची गत होते, पाणी खाली मुरत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील गावांत, हे चित्र अनेक पिढ्यांनी पाहिले आहे.

मातीच्या अहवालातही ओळखीची एक खूण आहे. केवळ कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या जमिनीचा सामू साधारण ८.४ च्या पुढे जात नाही. ८.५ किंवा त्याहून जास्त आकडा दिसला तर सोडियमचा संशय घ्यावा आणि विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांवर धरलेले सोडियम, तपासून घ्यावे.

उपाय जिप्समचा. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, सोबत पाण्याचे दोन रेणू. जिप्सममधले कॅल्शियम हे शिल्लक कार्बोनेटला चुनखडीच्या रूपात बसवून टाकते आणि सोडियम सल्फेट बनते, जे पावसाच्या पाण्याबरोबर निचऱ्याने निघून जाऊ शकते. पाण्यातील शिल्लक १ ने कमी करण्यासाठी हजार लिटरमागे सुमारे ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. निचराच नसेल तर सोडियम जाणार कुठे, हा प्रश्न जिप्समची पोती आणण्यापूर्वी विचारावा. आणि चुनखडीच्या जमिनीत आधीच कॅल्शियम असताना वेगळे जिप्सम कशाला, असे बरेच जण विचारतात. ते कॅल्शियम विरघळतच नाही, हे त्याचे उत्तर.

प्रश्न : लोणारच्या पाण्यात सोडा कुठून आला?

वर सांगितलेल्याच क्रमाने, फक्त फार मोठ्या काळात. बुलढाणा जिल्ह्यातील हे विवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. भोवतालच्या खडकातून झिरपलेले पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही आणि वर कडक ऊन आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची कार्बोनेटे तळाशी बसत गेली, वरच्या पाण्यात सोडियमची कार्बोनेटे आणि क्लोराइड दाट होत गेली. या पाण्याचा सामू १० च्या आसपास नोंदला गेला आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावरचा क्षार गोळा करून विकला जाई आणि त्याच्या प्रतींना दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. साबण आणि काच यांसाठी तो वापरला जाई. आता हा परिसर अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला, त्यामुळे तेथून क्षार किंवा पाणी आणू नये.

कारखान्यातला सोडा मात्र तळ्यातून येत नाही. बेल्जियमचे अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ मध्ये विकसित केलेल्या पद्धतीने मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांपासून तो बनवतात. त्यात आधी कमी विरघळणारे सोडियम बायकार्बोनेट गाळून काढतात. पोटॅशियम कार्बोनेट या पद्धतीने करता येत नाही, कारण पोटॅशियम बायकार्बोनेट पाण्यात जास्त विरघळते आणि गाळून वेगळे काढता येत नाही.

प्रश्न : चुलीच्या राखेत काय असते?

पऱ्हाटी किंवा तुराटीच्या राखेतील पाण्यात विरघळणारा मुख्य क्षार पोटॅशियम कार्बोनेट, सूत्र के२-सी-ओ३, असतो. न विरघळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेट बरेच असते. तेलकट भांडी राखुंडीने निघतात ती या क्षारामुळे. ही राख युरिया किंवा अमोनियायुक्त खतात मिसळून ठेवू नये, नत्र अमोनिया होऊन उडते. चुनखडीच्या जमिनीत तिने सामू आणखी वाढतो, तेव्हा तिकडे ती खत म्हणून वापरण्याचा आग्रह नसावा.

प्रश्न : युरियाचा आणि कार्बोनेटचा काय संबंध?

युरिया ओल्या मातीत पडला की युरिएज या विकरामुळे त्याचे आधी अमोनियम कार्बोनेट, सूत्र (एन-एच४)२-सी-ओ३, होते. हे या कुटुंबातील सर्वांत डळमळीत संयुग असून ६० अंशांच्या आतच विघटन पावते. चुनखडीच्या, आधीच अल्कधर्मी असलेल्या जमिनीवर युरिया उघडा राहिला की अमोनियाचा वास येतो. तो वास म्हणजे उडून जाणारे पैसे. डवरणीच्या आधी देऊन मातीआड करणे, हा सोपा इलाज आहे.

प्रश्न : शहाबादी फरशी ॲसिडने घासावी का?

नाही. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडक आहेत. ॲसिडने डागाबरोबर फरशीही विरघळते, चकाकी जाते आणि खरखरीत झालेल्या पृष्ठावर मळ आणखी धरतो. ओट्यावर सांडलेला लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळदेखील लगेच पुसावा.

प्रश्न : डोलोमाइट कसे ओळखावे?

डोलोमाइट, सूत्र सीए-एमजी-(सी-ओ३)२, हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे दुहेरी कार्बोनेट आहे. चुनखडीवर थंड विरल आम्ल टाकताच फेस येतो, डोलोमाइटवर मात्र तो मंद येतो. त्याची पूड केल्यास किंवा आम्ल कोमट केल्यास स्पष्ट दिसतो.

प्रश्न : उन्हाळ्यात कोंबड्यांची अंडी पातळ कवचाची का होतात?

अंड्याचे कवच सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. उन्हाने धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते, आणि शिवाय ती खातेही कमी. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवणे चांगलेच, पण त्याहून सावली आणि थंड पाणी यांचा उपयोग अधिक होतो, कारण कमतरता केवळ खाद्यातली नसून धापेने उडून जाणाऱ्या वायूचीही आहे.

माणसांच्या गोळ्यांतही बहुधा हेच संयुग असते. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. ते विरघळायला जठरातील आम्ल लागते, म्हणून ही गोळी जेवणाबरोबर घेतात.

प्रश्न : परीक्षेसाठी उष्णतेचा परिणाम लक्षात कसा ठेवावा?

पोटॅशियम आणि सोडियम यांची कार्बोनेटे ज्योतीवर विघटन पावत नाहीत. सोडियम कार्बोनेट ८५१ अंशांना नुसते वितळते. त्यानंतर कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त आणि तांबे या क्रमाने विघटनाचे तापमान उतरत जाते. धातू जितका क्रियाशील तितके त्याचे कार्बोनेट टिकाऊ. ॲल्युमिनियम कार्बोनेटचे सूत्र लिहिता येते, पण पाण्यातून ते मिळवता येत नाही. ॲल्युमिनियमच्या क्षारात सोड्याचे द्रावण ओतल्यास हायड्रॉक्साइडचा साका बसतो आणि वायू सुटतो. या प्रश्नावर गुण हमखास जातात.

प्रश्न : तांब्याच्या गुंडावरचा (घागरीवरचा) हिरवा थर कशाचा असतो, आणि इतर धातूंची कार्बोनेटे विषारी असतात का?

तो थर मुख्यतः तांब्याचे अल्कधर्मी कार्बोनेट, सूत्र सीयू-सी-ओ३ सोबत सीयू-(ओ-एच)२, असतो. मॅलाकाइट या खनिजाचेही सूत्र हेच. पाण्यात तो विरघळत नाही, आंबट पदार्थात विरघळतो. म्हणून चिंचेने गुंड उजळतो, आणि त्याच कारणाने ताक अशा भांड्यात ठेवू नये.

बेरियम कार्बोनेट, सूत्र बीए-सी-ओ३, उंदीर मारण्यासाठी वापरले जात असे. पाण्यात न विरघळणारी वस्तू विषारी कशी, असा प्रश्न पडतो. पण जठरातील आम्लात ती विरघळते आणि बेरियम रक्तात जाते. बेरियम सल्फेट आम्लातही विरघळत नाही, म्हणून एक्स-रेपूर्वी ते रुग्णाला पाजता येते. शिशाचे कार्बोनेटही विषारी आहे आणि पूर्वी पांढऱ्या रंगात ते सर्रास असे.

लिथियम कार्बोनेट, सूत्र एलआय२-सी-ओ३, हे मात्र औषध आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवरील लिथियमचा परिणाम मांडला आणि आजही द्विध्रुवी विकारात ते दिले जाते. त्याची उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. शरीरातील पाणी आणि मीठ घामाने कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते, त्यामुळे हे औषध घेणाऱ्या व्यक्तीने मे महिन्यात शेतावर दिवसभर काम करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि हात थरथरणे, उलट्या किंवा चालताना तोल जाणे दिसल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.